खिडकीची पाकिटं

माझा पुण्याचा जुना मोबाईल नंबर मी अजून जिवंत ठेवला आहे. जपानात राहणारे आम्ही सगळेच ठेवतो, कारण भारतातल्या बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. ओटीपीच्या मागोमाग इतरही बरंच येतं. मागच्या बुधवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते. फ्रिजवर आदल्या दिवशी आलेलं एक पाकीट न उघडता ठेवलेलं होतं आणि माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं. तेवढ्यात त्या नंबरवर फोन आला.

"नमस्कार मॅडम," एक मुलगी एका दमात म्हणाली, "तुमच्या क्रेडिट कार्डची थकबाकी आमच्या कार्डवर ट्रान्सफर करा, सहा महिने शून्य व्याज!"

आवाजावरून चोवीस-पंचवीसची असावी. मी लाटणं बाजूला ठेवलं.

"बाळा, एक विचारू? यानं कर्ज खरंच फिटतं का गं?"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

मला इतकं हसू आलं की तव्यावरची पोळी करपली. तिला वाटलं असेल बाई चक्रम आहे. पण हाच प्रश्न एकदा मला विचारला गेला होता, माझाही कॉल रेकॉर्ड होत होता, आणि मी मात्र तिच्याइतकी शहाणी निघाले नव्हते.

तेव्हा मी पुण्यात एका बँकेच्या कार्ड विभागात होते. तिसऱ्या मजल्यावर आम्ही चाळीस मुली ओळीने कानाला हेडफोन लावून बसायचो. समोर छापील कागद असायचा. त्यावर काय बोलायचं आणि गिऱ्हाईक काय म्हणालं तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं लिहिलेलं असायचं. एका कार्डवरचं कर्ज उचलून आमच्या कार्डवर आणा, थोडी फी भरा, काही महिने व्याज नाही. दिवसाला शंभर लोकांना मी हे सांगायचे. त्यात फसवणूक काही नव्हती, गणित चोख होतं. फक्त सहा महिन्यांनंतर त्या माणसाचं काय होतं, ते आमच्या कागदावर छापलेलं नसायचं.

एके दिवशी एका माणसाने माझं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं. सकाळपासून लोक माझ्या तोंडावर फोन आपटत होते, त्यामुळे मला त्याचंच बरं वाटलं. मग तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विचारू? खरं सांगा, यानं कर्ज फिटतं का?"

कागदावर उत्तर होतं, 'नक्कीच सर!' मी म्हणाले, "जुनं कार्ड कापलंत तर फिटतं. ठेवलंत तर सहा महिन्यांनी दोन कार्डांवर कर्ज असेल."

त्याने ट्रान्सफर घेतलं आणि जुनं कार्ड कापलं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण हा सज्जन गृहस्थ, त्याने आमच्या मॅनेजरना माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. तुमच्या या कर्मचारी बाईंनी मला खरा सल्ला दिला, वगैरे. मॅनेजरनी तो कॉल शोधून काढला, सगळ्यांसमोर वाजवला आणि विचारलं, "या ताई बँकेत नोकरीला आहेत की ग्राहक चळवळीत?" माझा त्या महिन्याचा बोनस गेला. हे त्याला कसं कळलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात तो अर्धा किलो बाकरवडी घेऊन माफी मागायला बँकेच्या दारात उभा होता. दीड वर्षाने आमचं लग्न झालं. घरी भांडण झालं की तो अजून मला 'मॅडम' म्हणतो, आणि प्रेम आलं तरी 'मॅडम'च म्हणतो. कुठलं आहे ते सुरावरून ओळखायचं.

आठ वर्षांपूर्वी त्याला टोकियोत सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर राहायला आलो. मुलगी दोन वर्षांची होती. ऑफिसात त्याला एक जपानी रीत कळली आणि ती त्याला फार आवडली. इथे पुष्कळ घरांत नवरा अख्खा पगार बायकोच्या हातात ठेवतो आणि बायको त्याला महिन्याचा हातखर्च मोजून देते. आमच्याकडे याचा सोहळाच झाला. पंचवीस तारखेला पगार झाला की तो मशीनवर बँकेचं पासबुक छापून आणायचा, इथले लोक व्हिजिटिंग कार्ड देतात तसं दोन्ही हातांत धरायचा, कमरेतून वाकायचा आणि म्हणायचा, "ओनेगाइशिमास, मॅडम." म्हणजे, आता तुमच्यावर सोपवतो. मी गंभीर चेहऱ्याने पासबुक घ्यायचे आणि त्याला तीस हजार येनचं पाकीट द्यायचे. मुलगी टाळ्या वाजवायची. मला तो सोहळा फार प्रिय होता, खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाशी मला धड चार वाक्यं बोलता येत नव्हती, बँकेतली नोकरी मागे राहिली होती, पण महिन्यातून एकदा मी पुन्हा 'मॅडम' व्हायचे.

मुलगी पहिलीत जायच्या आदल्या वर्षी मी कार्ड काढलं. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात काउंटर मांडलेला होता, गळ्यात रुमाल बांधलेली एक हसरी मुलगी होती आणि कार्ड काढलं तर पॉइंट मिळणार होते. फॉर्म सगळा जपानीत. तिने एका चौकोनावर बोट ठेवलं आणि माझ्यासाठी सावकाश बोलून समजावलं की यावर खूण केली तर आणखी पॉइंट, आणि दर महिन्याला फक्त दहा हजार येन, कायम तेवढेच. मला वाटलं, अरे, हा तर हप्ता! आणि मी खूण केली.

आपल्याकडे हप्ता म्हटला की त्याला शेवट असतो. फ्रिजचा हप्ता संपतो, स्कूटरचा संपतो, घराचा तर आपल्याआधी संपावा म्हणून लोक देवाला हात जोडतात. संपतच नाही असा हप्ता असू शकतो, हे माझ्या मराठी डोक्यात येणं शक्यच नव्हतं. जपानीत त्या प्रकाराला रिबो म्हणतात. तुम्ही कितीही खरेदी करा, खात्यातून दरमहा ठरलेले दहा हजारच कापले जातात. बाकीचं सगळं मागे राहतं आणि त्यावर वर्षाला शेकडा पंधरा व्याज चढतं. पुण्यात कुणी 'फक्त किमान रक्कम भरा' म्हटलं असतं तर मी त्याला लांबूनच ओळखलं असतं. इथे तोच चोर वेगळे कपडे घालून आला आणि मी त्याला आत बोलावून चहा दिला.

मग त्या कार्डवर धुण्याचं मशीन आलं. मुलीचं दप्तर आलं, इथे पहिलीतली सगळी मुलं पाठीला लावतात ते पेटीसारखं कातडी दप्तर, साठ हजार येनचं. बॅटरीवर चालणारी सायकल आली. भावाच्या लग्नाला जायची तिकिटं आली. आणि दर महिन्याला खात्यातून गेले किती? दहा हजार. मी नवऱ्याला म्हणायचे, "बघ, कसं घट्ट धरून चालवते." तो चारचौघांत माझं कौतुक करायचा. त्याच्या मित्रांच्या बायका मला खर्चाचे सल्ले विचारायच्या आणि मी देत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

कार्ड कंपनीचं पाकीट दर महिन्याला यायचं. नाव-पत्ता दिसावा म्हणून पुढे चकचकीत कागदाची खिडकी असलेलं. ते मी कधी उघडलं नाही. आत सगळं जपानी, आणि कापले गेलेले दहा हजार तर पासबुकात दिसतच होते. पण बँकेतली माणसं कागद टाकत नाहीत. म्हणून सिंकखालच्या कपाटात एक कागदी पिशवी ठेवली होती, तिच्यात पाकिटं जमत गेली.

पुढे नवऱ्याला एका मोटार कंपनीच्या कामासाठी नागोयाला पाठवलं. वर्षभरासाठी म्हणून गेला आणि ते वर्ष लांबतच गेलं. शुक्रवारी संध्याकाळी यायचा, रविवारी परत जायचा. मी आठवड्यातून तीन दिवस एका बेन्तोच्या स्वयंपाकघरात, म्हणजे डबे भरण्याच्या कामावर, जायला लागले. त्या वर्षअखेरीला सगळी इमारत साफसफाईला लागली, तशी मीही लागले. कपाटातली पिशवी दिसली. आता कशाला हवीत ही पाकिटं, म्हणून तशीच नेऊन रद्दीच्या जागी ठेवून आले.

तासाभराने दाराची बेल वाजली. तळमजल्यावर राहणाऱ्या आजी होत्या. इमारतीतला कचरा बरोबर वेगळा होतो की नाही, याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतलेली आहे. त्यांच्या हातात माझी पिशवी होती. त्या तीनदा वाकल्या, त्रास देते म्हणून माफी मागितली आणि एक पाकीट काढून त्याची चकचकीत खिडकी टर्रकन फाडून दाखवली. ही प्लास्टिकमध्ये, उरलेलं कागदात. मग आतलं पत्र न बघता, घडीसुद्धा न उलगडता, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि पुन्हा वाकून गेल्या. मी दार लावून त्यांना मराठीत दोन शब्द ऐकवले. आज त्या शब्दांची लाज वाटते.

मी पिशवी घेऊन जमिनीवर बसले. एकतीस पाकिटं होती. खिडक्या फाडायच्या तर पाकीट उघडावं लागतं, उघडलं की पत्र बाहेर येतं. मी खिडक्या एका बाजूला, पाकिटं दुसऱ्या बाजूला आणि पत्रं समोर ठेवत गेले. आठ-दहा झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक पत्रात खाली उजवीकडे, एकाच जागी, एक मोठा आकडा आहे. आणि तो दर पत्रात वाढतो आहे. आकड्यांना भाषा लागत नाही. शेवटच्या पत्रात तो चार लाख ऐंशी हजारांच्या थोडा वर होता. त्याच्या वरच्या ओळीत त्या महिन्याचे दहा हजार दोन भागांत लिहिले होते. सहा हजार आणि चार हजार. सहा हजार कशाचे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते गणित मी झोपेतही केलं असतं.

मुलगी आतल्या खोलीत चित्र काढत होती. "आई, नानी शितेरु नो?" तिने विचारलं. काय करतेस? मी म्हणाले, "कचरा वेगळा करतेय." आणि ते खरंच होतं.

मग मी तेच केलं जे लोकांना करायला सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. कर्ज हलवायला जागा शोधली. इथे त्याला ओमातोमे म्हणतात. म्हणजे विखुरलेलं गोळा करून एका ठिकाणी, कमी व्याजावर आणणं. दोन दिवस फोन करून, मोडक्यातोडक्या जपानीत मी शेकडा आठ व्याजाने कर्ज देणारी एक कंपनी शोधली. सगळं बोलून झालं आणि शेवटी पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली की, माझी कमाई थोडी असल्यामुळे नवऱ्याचं संमतिपत्र लागेल.

मी भडकले. जिने हजारो लोकांची कर्जं इकडून तिकडे नेली, तिला स्वतःचं कर्ज हलवायला नवऱ्याची चिठ्ठी? पण फोनवर मात्र 'हाय, हाय' करत राहिले, म्हणजे हो, हो. चार दिवसांनी संमतिपत्राचा फॉर्म आला. तोही खिडकीच्याच पाकिटात.

तो मी कणकेच्या डब्याखाली ठेवला. तिथे तो तीन आठवडे होता. तीन शुक्रवार नवरा आला आणि तीन रविवार परत गेला. प्रत्येक वेळी मी ठरवायचे, आता चहा झाल्यावर सांगू, आता मुलगी खाली खेळायला गेली की सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत पावणेपाच लाख होते.

तो ओरडेल याची भीती नव्हती. तो ओरडत नाही. पैसे जातील याचीही एवढी नव्हती, दोघंही हातीपायी धड होतो. भीती एकाच गोष्टीची होती. या माणसाने मला पहिल्यांदा ओळखलं ते खरं बोलणारी बाई म्हणून. चेहरा बघायच्या आधी, नाव कळायच्या आधी. तेच गेलं तर त्याच्या नजरेत माझं उरतं काय, हे मला कळत नव्हतं.

जानेवारीचा पगार झाला आणि त्या शनिवारी सकाळी सोहळा झाला. नागोयाहून येताना त्याने तांदळाच्या पिठाच्या चिकट वड्या आणल्या होत्या, मुलगी त्या खात होती. त्याने पासबुक दोन हातांत धरलं, वाकला, "ओनेगाइशिमास, मॅडम." मी ते घेतलं आणि त्याच्या हातखर्चाचं पाकीट त्याला दिलं. आत तीस हजार नव्हते. संमतिपत्र होतं.

"बोनस दिसतोय," म्हणत त्याने उघडलं. त्याला माझ्यापेक्षा बरं जपानी वाचता येतं. वाचता वाचता त्याचं हसू गेलं. मुलीला मी खाली आजींकडे पाठवलं आणि सगळं सांगितलं. काउंटर, चौकोन, हप्ता समजून केलेली खूण, एकतीस पाकिटं, कणकेचा डबा. माझ्या अंदाजापेक्षा कमी वेळ लागला. दहा मिनिटंसुद्धा नाही.

त्याने कागद टेबलावर पसरून ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. यानं कर्ज फिटतं का?"

त्या सुरातलं 'मॅडम' मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "जुनं कार्ड कापलं तर."

त्याने कपाटातून, इथे सहीऐवजी लागतो तो, आपला शिक्का आणला, दोन ठिकाणी उमटवला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मग टेबलावरचं पासबुक उचललं आणि स्वतःच्या बॅगेत टाकलं. रविवारी दुपारच्या गाडीने नागोयाला गेला.

पुढचे दोन शुक्रवार तो आला नाही. काम आहे, म्हणाला. फोन करायचा, पण मुलीशी बोलायचा. एकदा तिने फोन ठेवून मला विचारलं, "बाबा ओकोत्तेरु?" बाबा रागावलेत का? मी म्हणाले, हो, माझ्यावर, आणि बरोबर रागावलेत. "वाकात्ता," समजलं, म्हणून ती खेळायला गेली. मुलांना खरं सांगितलं की त्यांचं तेवढ्यावर भागतं.

त्याच दिवसांत कर्ज मंजूर झालं. नव्या कंपनीने पैसे दिले, मी जुन्या कार्डचं देणं भरून टाकलं. कार्ड रिकामं झालं. आणि मी पुण्यात जे कधी पाहिलं नव्हतं, फोनच्या त्या टोकाला राहणाऱ्या माणसांचं जे होत असेल, ते माझं झालं. आपण एका पातेल्यातली आमटी दुसऱ्या पातेल्यात ओततो. आमटी तेवढीच असते, पण पहिलं पातेलं घासूनपुसून लख्ख होतं, आणि लख्ख पातेलं चुलीपाशी असलं की हात आपोआप डाळ धुवायला जातो. कार्ड कंपनीचं पत्रही आलं होतं. वेळेआधी परतफेड केल्याबद्दल आभार, या महिन्यात दुप्पट पॉइंट.

मुलीला शाळेनंतरच्या क्लबातल्या मुलांबरोबर एक दिवस बर्फात नेणार होते. जाड जॅकेट हवं होतं. दुकानात अठरा हजारांना होतं, गुलाबी, तिला हवं होतं तसंच. मी रांगेत उभी राहिले, कार्ड बाहेर काढलं, ट्रेमध्ये ठेवलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, एकरकमी का? तेवढाच प्रश्न, दिवसातून दोनशे वेळा विचारत असतील. माझं तोंड उघडलं आणि मला जाणवलं की मी 'नाही, रिबो' म्हणणार होते. मी कार्ड परत उचललं, दहा वेळा माफी मागितली आणि जॅकेट तिथेच ठेवून बाहेर पडले.

घरी येऊन कोथिंबीर कापायच्या कात्रीने कार्डचे चार तुकडे केले. मग कंपनीला फोन करून खातं बंद करायला सांगितलं. पाऊण तास त्यांनी मला संगीत ऐकवलं, पण बंद केलं. तुकडे कुठल्या कचऱ्यात टाकायचे ते कळेना, म्हणून तळमजल्यावरच्या आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ते तुकडे तळहातावर फिरवले, विचार केला आणि म्हणाल्या, जळणाऱ्यात. मग माझा हात दोन वेळा थोपटला. पुढे बेन्तोच्या स्वयंपाकघरातल्या एका बाईंनी नातीचं जुनं जॅकेट आणून दिलं. निळं होतं. मुलगी अर्धा तास रुसली आणि मग बर्फात लोळून आली.

फेब्रुवारीच्या पगारानंतरच्या शनिवारी तो आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुला कळलंय का मी कशाने रागावलो होतो?"

"पैसे..."

"पैशाचं नाव काढू नकोस. मीही त्या काउंटरवर तीच खूण केली असती. आपल्यातल्या कुणीही केली असती." त्याने कप बाजूला सरकवला. "त्या दिवशी मी फोनवर कोण होतो तुझा? कुणीच नाही. कोण कुठला माणूस, त्याला तू नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून खरं सांगितलंस. एका सेकंदात. आणि नवऱ्याला सांगायला तुला तीन आठवडे लागले."

मी रडले. चुकलं, म्हणाले. हे म्हणतानाही मला वाटत होतं की शब्द फार लहान आहे, पण दुसरा मला ठाऊक नव्हता. तो उठला, बॅगेतून पासबुक काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि वाकला.

मी हात मागे घेतले. "आत्ता नको. फिटल्यावर दे."

"असं काय करतेस गं?"

"फिटल्यावर."

माझा हट्ट त्याला माहीत आहे. त्याने पासबुक फ्रिजवर ठेवलं, आणि पुढची सव्वादोन वर्षं ते तिथेच राहिलं. त्याचंही नाही, माझंही नाही. जो घरात असेल तो बघायचा.

आता कुणी विचारलं की कर्ज हलवल्याने खरंच सुटका होते का, तर मी सांगेन की मदत होते. सहा हजारांचं व्याज बत्तीसशेवर आलं, हे काही थोडं नाही. पण कर्ज व्याज कमी झाल्याने फिटलं नाही. महिन्याला दहाऐवजी वीस हजार भरले म्हणून फिटलं, आणि ते वरचे दहा हजार त्याच्या हातखर्चातून आले. "माझे वीसच दे," एवढंच तो म्हणाला होता. नागोयाला तो सहकाऱ्यांबरोबर बाहेर जेवायला जायचा, ते बंद झालं. आयुष्यात ज्याने कधी कुकर लावला नव्हता, तो माणूस खोलीवर मुगाची खिचडी करून डब्यात न्यायला लागला. पहिले तीन महिने तिचा फोटो पाठवायचा. फोटोतसुद्धा ती कच्ची दिसायची. मी 'छान' म्हणून उत्तर पाठवायचे. घरात तेवढं एकच खोटं शिल्लक होतं.

नव्या कंपनीचं पाकीट महिन्याला यायचं. ते मी शुक्रवारपर्यंत ठेवायचे. संध्याकाळी तो आला की दोघं टेबलाशी बसून उघडायचो. आधी खिडकी फाडायची, मग पत्र बघायचं, खाली उजवीकडे. आकडा दर वेळी थोडा कमी झालेला असायचा. मुलगी मोठी झाली, ती आकडा जपानीत वाचून दाखवायला लागली. इतर घरांत शुक्रवारी संध्याकाळी काय करतात मला माहीत नाही, पण आमच्याकडे हे होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं.

मागच्या मंगळवारी जे पाकीट आलं, ते शेवटचं होतं. आत काय असणार हे मला माहीत होतं, हिशेब मी केलेला होता. तरी मी ते फ्रिजवर पासबुकाशेजारी ठेवलं आणि तीन दिवस हात लावला नाही. बुधवारी त्या मुलीचा फोन आला, तेव्हा ते तिथेच होतं. तिला जाता जाता मी सांगितलं, "बाळा, रेकॉर्ड होत असलं तरी कुणी खरं विचारलं तर खरं सांग. बोनस जाईल, पण चालतं." ती हसली, आणि मग फोन ठेवला.

शुक्रवारी तो आला. पुन्हा माझ्या पोळ्याच चालल्या होत्या. बॅग खाली न ठेवताच त्याने फ्रिजवरून पाकीट घेतलं, सवयीने आधी खिडकी फाडून प्लास्टिकच्या डब्यात टाकली आणि पत्र मुलीच्या हातात दिलं. तिने खाली उजवीकडे बघितलं.

"झेरो," ती म्हणाली. मग आमची तोंडं बघून मराठीत म्हणाली, "शून्य."

त्याने पासबुक खाली घेतलं, वरची धूळ बाहीला पुसली, दोन्ही हातांत धरलं आणि कमरेतून वाकला. "ओनेगाइशिमास, मॅडम." पाचवीतल्या मुलीने लहानपणीसारख्या टाळ्या वाजवल्या.

माझे हात कणकेने भरलेले होते. धुवून येते, म्हणणार होते. पण तो वाकूनच उभा होता. म्हणून मी तसेच दोन्ही हात पुढे केले आणि पासबुक घेतलं.